सेंसरच्या आधी स्टॉपर: सरकत्या गेटजवळ लहान मुलं सुरक्षित कशी राहतील?

३१ जुलै २०२४. पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलचं गणेशनगर. दुपारी मुलं गल्लीत खेळत होती. त्यातल्या एकाने एका घराचं लोखंडी स्लायडिंग गेट सरकवलं आणि ते गेट तिथून जाणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलीवर कोसळलं. मुलगी वाचली नाही. सीसीटीव्हीतली ती क्लिप तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. माझ्याही फिरली. "फार वाईट झालं" म्हणून मी ती बंद केली आणि विसरून गेलो.

मग दिवाळीत ताई माहेरी आली. आमचं घर नागापूरला, एमआयडीसीच्या जवळ. चार वर्षांचा भाचा पहिल्याच दिवशी आमच्या गेटच्या खालच्या पट्टीवर उभा राहिला आणि दुसऱ्या पोराला म्हणाला, "ढकल, रेल्वे निघाली!" गेट सरकत सरकत टोकाला गेलं आणि मला दिसलं की ते थांबवायला तिथे काहीच नाही. स्टॉपरच्या जागी फक्त ग्राइंडरने कापल्याची खूण होती.

तो स्टॉपर कापायला मीच सांगितला होता. आठ महिन्यांपूर्वी बोअरवेलची गाडी आत घ्यायची होती आणि गेट पूर्ण बाजूला जात नव्हतं. "कापा, नंतर लावू," असं म्हणालो होतो. ते 'नंतर' आलंच नाही.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, लोखंडातला नाही. पण थोडं वाचलं, थोडं आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून शिकलो. जे समजलं ते इथे मांडतोय.

गेट पडतं कसं?

साधं स्लायडिंग गेट म्हणजे चार गोष्टी: जमिनीवरचा ट्रॅक, गेटखालची खाचेची चाकं, वरून गेटला दोन्ही बाजूंनी धरणारे गाइड रोलर आणि दोन्ही टोकांचे स्टॉपर.

यात चाकांचं काम गेट सरकवण्याचं. गेटला उभं ठेवायचं काम चाकं करत नाहीत, ते गाइड रोलर करतात. गाइडमधून गेट बाहेर निघालं की ते एका रेषेवर उभं असतं, कडेवर उभ्या केलेल्या नाण्यासारखं. त्याला पाडायला ताकद लागत नाही. वारा किंवा लहान मुलाचा हात पुरतो.

आणि गेट गाइडमधून बाहेर जाऊ नये, एवढ्याचसाठी स्टॉपर असतो. म्हणजे अख्ख्या गेटची सुरक्षितता शेवटी दोन लोखंडी तुकड्यांवर उभी असते. तेच सगळ्यात आधी कापले जातात, गंजतात किंवा वेल्डिंग तुटून पडतात. मग लोक काय करतात? टोकाला एक दगड ठेवतात. आमच्या गल्लीत मोजली तर तीन गेटं दगडावर होती.

दुसरं कारण ट्रॅकमधला कचरा. आमच्याकडे रस्त्यावरची खडी आणि माती उडून ट्रॅकमध्ये बसते. चाक खड्यावर चढलं की ट्रॅक सोडतं. गेट अडकलं की माणूस जोर लावतो, आणि तो जोर नेमका नको त्या क्षणी लागतो.

आकडे काय सांगतात?

चार मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच गेट घेऊ. दोन मिलिमीटरचा पत्रा आणि पाइपची चौकट धरली तर वजन २०० किलोच्या आसपास जातं.

बेअरिंग चांगली असतील तर हे गेट सरकवायला पाच किलोपेक्षाही कमी जोर पुरतो. चार वर्षांचं मूल तो सहज लावतं. पण तेच गेट सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालण्यापेक्षाही हळू सरकत असेल आणि ते एका सेंटिमीटरच्या आत थांबवायचं असेल, तर सरासरी २५० किलो वजनाइतका जोर लागतो. मध्ये बोटं असतील तर तो जोर बोटांवर येतो.

मूल गेट ढकलू शकतं, थांबवू शकत नाही. गेट जितकं गुळगुळीत सरकतं, तितका हा फरक वाढतो. "काय मस्त चालतंय, बोटाने सरकतंय" हे आपण कौतुकाने सांगतो. मूल घरात असेल तर ती धोक्याची सूचना समजा.

आता पडण्याचं गणित. बुडाशी टेकून आडवं पडणाऱ्या १.८ मीटर उंच गेटची वरची कड जमिनीवर आपटते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २६ किलोमीटर असतो. तोल गेल्यावर माणसाने ते धरून ठेवणं शक्य नाही. मोठी माणसंही अशा गेटखाली सापडतात. मुलाला तर बाजूला व्हायचं हेही कळत नाही.

माझा पहिला विचार चुकला

स्टॉपर नाही हे कळल्यावर माझ्यातला इंजिनियर जागा झाला. रात्री बसून मी यादी केली: गेटवर सेंसर, एक छोटा वायफाय बोर्ड, गेट ठराविक जागेच्या पुढे गेलं की मोबाईलवर नोटिफिकेशन. भाग ऑनलाइन मागवायला कार्टमध्येही टाकले.

सकाळी मिस्त्री आले. मी त्यांना कल्पना सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "साहेब, मेसेज येईपर्यंत गेट खाली आलेलं असेल. आधी त्याला अडवा तरी. मग पाठवा काय मेसेज पाठवायचेत ते."

अर्ध्या तासात त्यांनी दोन्ही टोकांना जाड अँगलचे तुकडे वेल्ड केले आणि गाइड रोलरची आणखी एक जोडी बसवली. सगळे मिळून खर्च माझ्या कार्टपेक्षा कमी आला.

टोकियोतही हेच कळलं होतं

मिस्त्री जे बोलले तेच एका जपानी प्राध्यापकाने खूप मोठ्या अपघातानंतर सांगितलं आहे. मार्च २००४ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी हिल्स या चकचकीत संकुलात सहा वर्षांचा मुलगा स्वयंचलित फिरत्या दारात डोकं अडकून गेला. दार फिरतं होतं, पण धडा सरकत्या दारालाही तसाच लागू आहे.

त्या दाराला सेंसर होते. पण ते कारण नसताना दार थांबवत, म्हणून त्यांची खालची कक्षा कमी केलेली होती. मुलगा त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात सापडला. आणि दाराचं फिरणारं वजन होतं सुमारे २.७ टन, युरोपातल्या मूळ हलक्या रचनेपेक्षा कितीतरी जास्त. थांबायचा आदेश मिळाल्यावरही इतकं वजन लगेच थांबत नाही.

अपयशांचा अभ्यास करणारे योतारो हातामुरा यांनी यावर स्वतःहून 'दार प्रकल्प' हाती घेतला. त्यांनी सुरक्षिततेचे दोन प्रकार वेगळे केले. एक, वस्तूच अशी बनवायची की सगळं बिघडलं तरी जीव जाणार नाही: हलकं दार, कमी वेग, मऊ कड. दुसरा, वस्तू धोकादायकच ठेवायची आणि सेंसर लावून तिच्यावर नियंत्रण ठेवायचं. त्यांचं म्हणणं असं की पहिलं आधी करा, दुसरं त्याच्यावर चढवा. पहिल्याच्या जागी दुसरं कधीच नको.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यातली सेंसरची गोष्ट फार ओळखीची आहे. अलर्ट सारखे वाजायला लागले की आम्ही त्यांची मर्यादा वाढवतो. सगळे खूश होतात. ज्या दिवशी खरा अलर्ट यायला हवा त्या दिवशी शांतता असते.

मोटर बसवली की काय बदलतं?

आता बंगल्यांना आणि सोसायट्यांना रिमोटची गेटं आली. मोटरवाल्या गेटची चूक वेगळी असते: ते कंटाळत नाही, दमत नाही आणि समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. जुलै २०१० च्या आगेमागे ब्रिटनमध्ये काही दिवसांच्या अंतराने पाच आणि सहा वर्षांच्या दोन मुली स्वयंचलित गेटमध्ये चिरडल्या गेल्या. त्यानंतर तिथल्या सुरक्षा यंत्रणेने गेट बसवणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज दरवाजांच्या मोटरना अडकलेल्या माणसाला वाचवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची आहे.

मोटर घेताना तीन प्रश्न नक्की विचारा.

१. अडथळा लागला की गेट नुसतं थांबतं की उलटं फिरतं? नुसतं थांबलं तर मूल दाबलेलंच राहतं.

२. फोटोसेल किती उंचीवर आहे? गाडीच्या हिशोबाने लावलेल्या किरणाखालून रांगणारं बाळ सरळ निघून जातं. खाली आणखी एक जोडी हवी, शिवाय गेटच्या कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी.

३. फोटोसेलची वायर तोडली तर काय होतं? गेट थांबायला हवं. काही जोडण्यांमध्ये सेंसरकडून काहीच आलं नाही की रस्ता मोकळा असं धरलं जातं. मग उंदराने वायर कुरतडली तरी गेट बिनधास्त चालतं. प्रोग्रामिंगमध्ये ही नवशिक्याची चूक मानतात. इथे ती जीवघेणी आहे.

आणि एक नियम घरच्यांसाठी: गेट डोळ्यांसमोर नसेल तर मोबाईलवरून बंद करायचं नाही. ऑफिसातून तर नाहीच.

सेंसर बरोबर असला तरीही

जून २०२५ च्या अखेरीस मुंबई मेट्रोच्या बांगूरनगर स्टेशनवर दोन वर्षांचं मूल उघड्या दारातून एकटंच प्लॅटफॉर्मवर उतरलं आणि दार बंद झालं. आईवडील आत राहिले. दाराचं काही चुकलं नव्हतं, मध्ये अडथळाच नव्हता. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याचं लक्ष गेलं, गाडी थांबवली गेली, दार पुन्हा उघडलं. दाराला अडथळा कळतो. मूल कोणाचं आणि कोण कुठे राहिलं, हे माणसालाच कळतं.

लिफ्टचंही तसंच. नोव्हेंबर २०२० मध्ये धारावीत पाच वर्षांचा मुलगा लिफ्टचं बाहेरचं लाकडी दार आणि आतली सरकती जाळी यांच्या मधल्या जागेत अडकला, लिफ्ट सुरू झाली आणि तो गेला. दोन्ही दारं लागलेली होती, म्हणून यंत्राच्या लेखी सगळं ठीक होतं. त्या दोघांमध्ये एक मूल मावतं, हा मूळ दोष. अमेरिकेत घरगुती लिफ्टसाठी ही फट चार इंचांपेक्षा जास्त नको असं सांगितलं जातं. तुमच्या जुन्या इमारतीत टेप घेऊन मोजून बघा.

कायदा कुठे आहे?

लिफ्टसाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग त्याच्या नावातच येतात. परवाना लागतो, तपासणी होते. गेट मात्र त्या नावात नाही. आपल्या दारातलं दोनशे किलोचं सरकतं यंत्र कंपाउंडच्या भिंतीसारखं, म्हणजे बांधकामाचा एक भाग म्हणून पाहिलं जातं. एकदा बसवलं की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

मला वाटतं, फार मोठा कायदा नसला तरी चालेल. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देताना गेटचे स्टॉपर आणि गाइड बघितले जावेत. सोसायटीने लिफ्टसोबत गेटचीही वर्षातून एकदा तपासणी करावी. आणि फॅब्रिकेटरने कोटेशनमध्ये 'दोन्ही टोकांना स्टॉपर, वर दोन जोड्या गाइड' अशी ओळ लिहावी. आमच्या एमआयडीसीच्या आसपास गेटं बनवणारी दुकानं कमी नाहीत. तिथल्या गिऱ्हाइकांनी ही ओळ मागायला सुरुवात केली तरी पुष्कळ होईल.

आज संध्याकाळी एवढं करा

मुलांना घरात बसवा. दोन मोठी माणसं लागतील. गेट ज्या बाजूला पडू शकतं तिथे कोणी उभं राहू नका.

- गेट हळू सरकवत दोन्ही टोकांना न्या. पक्क्या लोखंडी स्टॉपरवर थांबतं का? दगड किंवा वीट हा स्टॉपर नाही.
- दोन्ही टोकांच्या स्थितीत गेट वरच्या गाइडमध्ये पूर्ण धरलेलं आहे का?
- गेटला वरून हलकंच आडवं हलवा. खूप डुलत असेल तर ते वापरायचं थांबवा आणि मिस्त्रींना बोलवा.
- ट्रॅक झाडा. चाक झिजलंय का बघा.
- मुलं जिथे पाय ठेवून चढतात त्या खालच्या आडव्या पट्टीवर पत्रा लावून घ्या.
- घरातल्या काचेच्या सरकत्या दाराला शेवटचे काही सेंटिमीटर उघडं ठेवणारा रबरी अडथळा लावा, बोटं वाचतात. बाल्कनीच्या दाराची कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर घ्या.

गेट काढून किंवा स्टॉपर कापून गाडी आत घ्यायची वेळ सगळ्यांवर येते. तेव्हा वेल्डिंगवाल्याला त्याच दिवशी संध्याकाळी परत बोलवा, आणि तो येऊन लावून जाईपर्यंत गेट साखळीने बांधून ठेवा.

कार्टमधला तो सेंसर मी शेवटी मागवला. आता तो लावला तर चालेल, कारण तो बिघडला तरी गेट पडणार नाही. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत परत येणार आहे. त्याची रेल्वे बंद झाली म्हणून तो माझ्यावर रुसेल, आणि त्याला मामाची काही हरकत नाही.