डॉक्टरांपासून लपविलेली गोळी

गेल्या रोवणीच्या दिवसांत हट्ट्यातील आमच्या एका गृहस्थांना बांधावर भोवळ आली आणि ते चिखलात पडले. सुदैवाने सोबत माणसे होती. सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला होता. डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यावयास सांगितली. चार महिने त्यांनी ती घेतली. पुढे बरे वाटू लागले म्हणून सोडली. तपासणीस गेले की मात्र "घेतो, साहेब" असे सांगत. डॉक्टरांना वाटले, एक गोळी पुरी पडत नाही; त्यांनी दुसरी जोडून दिली. पावसाळ्यात मुलगा नागपूरहून आला व त्याने दोन्ही गोळ्या काटेकोरपणे देण्यास आरंभ केला. दाब नको तितका उतरला.

वाचकहो, जे आपण पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूपासून लपवीत नाही, ते डॉक्टरांपासून लपविण्यात काय स्वारस्य? रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक वारंवार आढळला, तर तो वाढलेला समजतात. परंतु तो दुखत नाही, हाच त्याचा कपटीपणा. आतल्या आत तो रक्तवाहिन्या कठीण करतो, हृदयास थकवितो, आणि एके दिवशी छातीत कळ येते किंवा अर्धांग जाते. गोळी त्याला दाबून धरते. तापासारखा तो कायमचा पळवून लावीत नाही. म्हणून बरे वाटणे हे गोळी थांबविण्याचे कारण नव्हे. बहुधा ती लागू पडल्याची ती खूण असते.

वैनगंगेच्या खालच्या अंगास असलेला भंडारा जिल्हा व आमच्याकडील छिंदवाडा हे २०१७ साली आरंभिलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी होत. तेथील पद्धत मला फार आवडली. प्रत्येक रुग्णाचे कार्ड असते, दर भेटीचा आकडा त्यावर लिहितात, महिन्याच्या गोळ्या एकदम देतात, आणि जो येत नाही त्याची चौकशी करतात. तरीही गोळी तोंडात घालणारा हात रुग्णाचाच!

मिठाचेही तसेच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, एवढी मर्यादा आहे. त्यात लोणचे, पापड, चटणी सारे आले. शेतात राबणाऱ्यास व्यायाम निराळा नको, पण धान घरात आल्यावर पारावर बसून राहणाऱ्यास रोज अर्धा तास झपाट्याने चालणे हवे. आणि खर्रा! तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, दाब चढविते. डॉक्टर गोळी देतील. खिशातील पुडी काही ते काढून घेणार नाहीत.

गोळी परवडत नसेल, तर तेही सांगावे. सरकारी आरोग्य केंद्रात ह्या गोळ्या विनामूल्य देण्याची सोय आहे. पाय सुजले, खोकला लागला, तर गोळी गुपचूप न सोडता विचारावे. ती बदलून मिळते.

आमचे गृहस्थ दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले व सर्व खरे बोलले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एक गोळी कमी केली. खर्रा अर्ध्यावर आला आहे, असे हे गृहस्थ सांगतात. त्यांच्या पत्नीचे मत निराळे आहे.