चार तारांचा संसार

आठवडाभर मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि शनिवारी रात्री गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत बेस गिटार वाजवतो, हे कळताच मंडळी आधी माझ्याकडे नि मग सौभाग्यवतींकडे दयेने पाहतात!

१९५१ साली लिओ फेंडर यांचा ‘प्रिसिजन बेस’ निघाला आणि माणसाएवढा डबल बेस वाहण्यातून बेसवाले हळूहळू सुटले. सुटले कसले! माझ्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. तो लहानशा स्पीकरला पेलत नाही. म्हणून अँप्लिफायरचा पेटारा थोरला आणि कंबर कायमची दुखरी.

गेल्या मे महिन्यात हे सारे सोडायचे ठरवलेच होते. त्या रात्री वधूवरांची मिरवणूक झाली, टोस्ट झाला, नाच सुरू झाला. गायिकेला फुले, ड्रमवाल्याला टाळ्या. माझ्यापाशी एक आजोबा आले नि म्हणाले, “सर, तुमचें वाजना कित्याक?”

शेवटी कोंकणी गाण्यांचा ‘मसाला’ ऐन रंगात आला आणि कुणाचा तरी पाय लागून माझी वायर निघाली. गाणे चालूच होते. पण नाचणाऱ्यांची पावले अडखळली. तेच आजोबा आजींचा हात धरून थांबले आणि थेट माझ्याकडे पाहू लागले. वायर खोचली, तशी जोडी पुन्हा वळली.

पहाटे तीनला पेटारा जिन्यावरून चढवताना सौभाग्यवतींनी विचारले, “आजचं शेवटचं ना?”

मी खिशातली डायरी काढून नाताळानंतरच्या तारखा पाहू लागलो.