एकच शहर, तीन नावे

इंग्रजी पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचताना मुलांना रशियातले एक मोठे शहर कधी ना कधी भेटते. त्याच्या नावाआधी 'एस' आणि 'टी' अशी दोन अक्षरे असतात. खेड्यातले पोर ते बेधडक 'एस. टी. पीटर्सबर्ग' असे वाचते. त्याचा तरी काय दोष? आपल्याकडे एस. टी. म्हणजे फाट्यावर थांबणारी गाडी! पण इथे 'सेंट' हा शब्द आखूड करून लिहिलेला असतो. सेंट म्हणजे संत. वाचताना पुरते 'सेंट पीटर्सबर्ग' वाचावे. हीच अक्षरे पत्त्यात नावानंतर आली तर अर्थ होतो 'स्ट्रीट'. आधी आली तर संत, मागून आली तर रस्ता, एवढी खूण मुलांना सांगून ठेवावी.

१७०३ साली झार पीटर याने नेवा नदीच्या मुखाशी हे शहर वसवले. नाव मात्र स्वतःचे न देता संत पीटरचे दिले. इंग्रजीत लिहिताना 'पीटर' आणि 'बर्ग' यांच्यामध्ये 'एस' येतो, पण शब्द तुटत नाही आणि त्या 'एस'च्या अलीकडे वर टिंबाची शेपटीही येत नाही. शेवट 'जी'ने होतो. पुढे 'एच' लागतो तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या पिट्सबर्गला. अमेरिकेतच, फ्लॉरिडा राज्यात, आणखी एक सेंट पीटर्सबर्ग आहे. म्हणून घोटाळा होण्यासारखा असेल तिथे पुढे 'रशिया' लिहावे.

खरी गोम आहे ती सालाची. १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध जुंपले. 'बर्ग' हे शेपूट जर्मन वाटते म्हणून शहराचे नाव पेत्रोग्राद केले. १९१७ ची क्रांती झाली ती पेत्रोग्रादमध्ये. जानेवारी १९२४ मध्ये लेनिन वारला आणि शहर लेनिनग्राद झाले. १९९१ मध्ये रहिवाशांचे मत घेतले गेले, निम्म्याहून अधिक लोकांनी जुन्या नावाला कौल दिला आणि सप्टेंबरात पुन्हा सेंट पीटर्सबर्ग आले.

आता शेतकऱ्याने हे का ध्यानात ठेवावे, ते सांगतो. याच शहरात निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने जगभर हिंडून जमवलेल्या बियाण्यांचा मोठा साठा होता. गहू, भात, मका, भुईमूग, बटाटे असे लाखाच्या वर नमुने. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला. त्या हिवाळ्यात काम न करणाऱ्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. माणसे रस्त्यात कोसळत होती. बियाण्याची राखण करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी कित्येक जण उपाशी मेले. भाताचे वाण सांभाळणारे इवानोव गेले, भुईमुगाचे वाण सांभाळणारे श्चुकिन गेले. पण पोत्यातल्या दाण्याला त्यांनी हात लावला नाही. खुद्द वाविलोव तेव्हा स्वतःच्याच सरकारच्या कैदेत होता. १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. बियाण्याची कणगी घरात ठेवून पोराबाळांना अर्धपोटी निजवणाऱ्या आपल्या आयाबायांना या माणसांचे मोल वेगळे सांगायला नको.

ही हकिगत इंग्रजीत लिहिताना कोणी 'सेंट पीटर्सबर्गचा वेढा' लिहील, तर ते चुकेल. तो लेनिनग्रादचा वेढा. ज्या सालची गोष्ट, त्या सालचे नाव घालावे आणि पहिल्यांदा लिहिताना 'आताचे सेंट पीटर्सबर्ग' एवढी पुस्ती जोडावी. उलट, आजच्या शहराला लेनिनग्राद म्हणू नये. मात्र शहराभोवतालच्या प्रांताचे नाव आजही लेनिनग्रादच आहे. तिथे ते बदलू नये.

यात आपल्याला नवल वाटायला नको. १९९५ मध्ये इंग्रजीतले बॉम्बे जाऊन मुंबई आले, पण उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव 'बॉम्बे हायकोर्ट' हेच राहिले.

तेव्हा मुलांनी वहीच्या कोपऱ्यात १९१४, १९२४ आणि १९९१ ही तीन साले लिहून ठेवावीत. शहराचे नाव लिहिण्याआधी गोष्ट कोणत्या सालची ते पाहावे. नाव आपोआप बरोबर येईल.