थोर कोण?

कुलीन म्हणजे चांगल्या कुळातला, असे मोठे लोक सांगतात. पण दुसऱ्याची जमीन कसतो, खंड भरतो, त्यालाही 'कूळ'च म्हणतात. शब्द एकच. एकाला त्यातून मान मिळाला, दुसऱ्याला राबणे.

'साव' म्हणजे सच्चा माणूस, चोराच्या उलटा. पण 'सावकार' आपल्याला भेटला तो कर्जाच्या वहीत. लग्नापुरते कर्ज घेतले म्हणून ठाणे जिल्ह्यातले वारली नवरा-बायको जमीनदाराकडे जन्मभर राबायचे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. राबवून घेणारा मात्र शेठ, खानदानी! १९४५ साली वारली उठले, वेठ नाकारली. त्यात थोर कोण होते, ते सांगायला नको.

जंगलाचेही तसेच. इंग्रजांनी १८७८ चा कायदा करून जंगल राखीव केले. जंगल तेच, माणसे तीच. पण कागदावर सरकार मालक झाले आणि आपण 'अतिक्रमणवाले'.

आमच्या पाड्यात कुलीन कोणी नाही. पण कुणाची लावणी मागे पडली तर सगळे जातात. मयताच्या घरी घराघरातून तांदूळ जातो. थोरपण आम्ही यालाच म्हणतो.

म्हणून भावांनो, बहिणींनो, पंचनामा झाला तर आधी वाचून घ्या. त्यात 'अतिक्रमण' असेल तर अंगठा देऊ नका. 'बापजाद्यांपासून कसतो' असे लिहायला लावा. शब्द सोडला की जमीनही सुटते.