फरक कुणाच्या खात्यात?

दिवाळीला पुण्या-मुंबईहून मुले गावी आली, की हल्ली एक नवा उद्योग चालतो. मुलगा मोबाईल काढतो आणि बापाला आपलेच शेत दाखवतो. उपग्रहाने टिपलेले चित्र असते, त्यात झाड न् झाड दिसते, आणि त्यावर सरकारी गटनकाशाच्या रेघा ओढलेल्या असतात. पहिली दोन मिनिटे कौतुकात जातात. मग बापाच्या लक्षात येते, की रेघ काही बांधावरून जात नाही. ती द्राक्षबागेतून तिरकी गेली आहे आणि आपली विहीर शेजाऱ्याच्या गटात पडली आहे. "आरं, ही रेघ चुकल्याली हाय," बाप म्हणतो. "आबा, कॉम्प्युटर कसा चुकंल?" मुलगा म्हणतो. तेवढ्यात शेजारीही खांद्यावरून डोकावून बघत असतो, आणि त्याला मात्र ती रेघ अगदी बरोबर वाटते!

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या परिसरात हा विनोद राहत नाही. पूर्वी इथली बरीच जमीन जिरायत होती. बांध चार फूट इकडे की तिकडे, याने ज्वारीच्या पाटीभर कणसांचा फरक पडायचा. आज त्याच शिवारात ऊस आहे, द्राक्षे आहेत, गावातच साखर कारखाना आहे. चार फूट म्हणजे वेलींची जवळजवळ अर्धी ओळ. तिच्या तारा, तिचे खांब, तिचे ठिबक, आणि त्या सगळ्यावर काढलेले कर्ज! मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत घालवली. ज्या गटावर कर्ज दिले तो गट नेमका कुठे आहे, हा प्रश्न बँकेला किती महागात पडू शकतो हे मी पाहिले आहे. शेतकऱ्याला किती महागात पडतो ते तर विचारूच नका.

रेघ आणि बांध जुळत का नाहीत? सोपे उत्तर असे, की आपली जमीन तीन वेगवेगळ्या काळांत, तीन वेगवेगळ्या हेतूंनी मोजली गेली, आणि ती मोजणी करणाऱ्यांची आपसात कधी गाठच पडली नाही.

पहिली मोजणी महसुलाची. इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबाने पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला कायमचे रूप आले. हत्यार म्हणजे शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना म्हणायचे आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. किती सुटसुटीत हिशेब! मोजणीदार शेतातून एक आधाररेषा टाकायचा, तिच्यापासून काटकोनात बांधाच्या वळणापर्यंतची अंतरे घ्यायचा आणि हाताने आकृती काढून त्यावर आकडे लिहायचा. ते टिपण. आजही हद्दीचा वाद आला, की जाणता भूकरमापक आधी टिपण मागतो, कारण त्यावरचे आकडे प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेले आहेत. गावनकाशा हा नंतर कचेरीत बसून ही टिपणे जोडून केलेला. त्याचे प्रमाण बहुधा आठ इंचाला एक मैल. त्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर चार मीटर, तेरा फूट! शाईच्या जाडीतच बांध बुडून जातो.

या टिपणात अक्षांश नाहीत, रेखांश नाहीत. प्रत्येक गावाचा नकाशा हे स्वतंत्र बेट. सरकारला सारा हवा होता, त्याला गुंठे पुरेसे होते.

दुसरी मोजणी शास्त्राची आणि लष्कराची. १८०२ साली मद्रासेत लॅम्टनने आधाररेषा मोजली आणि डोंगरामागून डोंगर जोडत त्रिकोणांचे जाळे हिंदुस्थानभर पसरले. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार १८३० साली आकड्यांत बांधला. या आकृतीवर भारताचे नकाशे काढले गेले, आणि त्यांचा मूळ बिंदू धरला गेला मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. पण या जाळ्याने टेकड्यांचे माथे पकडले. खाली शेतातल्या दगडांशी त्याला सहसा कर्तव्य नव्हते.

तिसरी मोजणी उपग्रहांची. उपग्रह पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतात, म्हणून त्यांचे गणित पृथ्वीच्या मध्यापासून सुरू होते. १९८४ साली ठरलेली ही जागतिक पद्धत आज प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. एव्हरेस्टची पृथ्वी या नव्या पृथ्वीपेक्षा त्रिज्येने सुमारे ८६१ मीटर लहान आहे आणि तिचा मध्यही वेगळ्या जागी आहे. त्यामुळे एकाच दगडाला दोन पद्धतींत वेगवेगळे अक्षांश-रेखांश मिळतात. कुंडलच्या आसपास हिशेब केला तर जुन्या नकाशावरचा आकडा जसाच्या तसा मोबाईलमध्ये घातल्यास माणूस सुमारे दीडशे मीटर भलतीकडे जाऊन उभा राहतो. दीडशे मीटर म्हणजे पंधरा साखळ्या. तेवढ्यात तीन-चार शेतकरी मावतात.

आता सॉफ्टवेअरचे काम. या आकड्यांचे त्या आकड्यांत रूपांतर करणारी, दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणारी सॉफ्टवेअर्स आज फुकट मिळतात. 'प्रोज' नावाचे असे एक सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या जेराल्ड एव्हेंडेन यांनी १९८० च्या दशकात आकाराला आणले. 'क्यूजीआयएस' हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर त्याच्याच आधाराने चालते. एव्हरेस्टवरून उपग्रहावर जाणे हे सूत्रांचे काम आहे. मध्य किती सरकवायचा, अक्ष किती फिरवायचे, आकार किती बदलायचा, एवढे ठरले की यंत्र क्षणात उत्तर देते. सूत्र ज्ञात आहे, चूक किती राहील हेही साधारण ज्ञात आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गंमत पुढे आहे. ज्या टिपणाला अक्षांशच नाही, त्याचे रूपांतर करायचे कसे? तिथे सूत्र नसते, तिथे जुळवणी असते. जुना नकाशा स्कॅन करायचा, त्यावरचे चार-सहा बिंदू निवडायचे — तिठ्याचा दगड, जुनी विहीर, ओढ्याचे वळण — आणि तेच बिंदू जमिनीवर उपग्रहाच्या यंत्राने मोजायचे. मग सॉफ्टवेअर नकाशा सरकवते, फिरवते, ताणते आणि सगळे बिंदू शक्य तितके जवळ आणते. पूर्ण जवळ कधीच येत नाहीत. कागद आखडलेला असतो, कापड ताणलेले असते, दगड कुणीतरी हलवलेला असतो. जो फरक उरतो, तो सॉफ्टवेअर सगळ्या बिंदूंवर मिळून कमीत कमी होईल असा वाटून टाकते.

हे 'वाटून टाकणे' मला बँकेची आठवण करून देते. आमच्या काळी संगणक नव्हते. वर्षातून ठरावीक दिवशी लेजर बॅलन्सिंग असायचे. खात्यांच्या बाक्यांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळला पाहिजे. कधी सात रुपये वीस पैसे कमी येत. रात्री अकरा वाजलेले, चहा संपलेला, आणि एखादा नवा कारकून म्हणायचा, "साहेब, दहा खात्यांत बहात्तर-बहात्तर पैसे टाकू का? कुणाला कळणारही नाही." असे करणे हा गुन्हा होता. फरक सापडला नाही तर तो सस्पेन्स खात्यात लिहायचा, तारखेसह, सहीसह. तो तिथे डोळ्यांत खुपत राहिला पाहिजे. कारण ते सात रुपये वीस पैसे म्हणजे एखाद्या म्हातारीच्या खात्यातली चुकलेली एकच नोंद असायची, दहा खात्यांतली दहावी नव्हे.

जमिनीचेही तसेच आहे. सहा दगडांपैकी पाच जागेवर असतील आणि एक वीस फूट सरकलेला असेल, तर ती लबाडी किंवा चूक त्या एका दगडापाशी आहे. सॉफ्टवेअरला ते माहीत नसते. ते वीस फूट सगळ्यांच्या माथी थोडे थोडे मारते. पाच प्रामाणिक बांध दोन-तीन फूट हलतात आणि सहावा साळसूद दिसतो. सॉफ्टवेअरचा यात दोष नाही. प्रत्येक बिंदूला किती फरक उरला याचा तक्ता ते पडद्यावर दाखवतेच. दोष तो तक्ता बंद करून नुसता सुबक नकाशा छापणाऱ्याचा आहे.

कुंडलला हा प्रश्न आणखी चिवट आहे, त्याचे कारण इतिहासात आहे. हे गाव औंध संस्थानातले. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल असे तुकडे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात विखुरलेले होते. शेजारचे गाव खालसा मुलखातले, हे संस्थानी. शीव एकच, पण तिच्या दोन अंगांना महसुलाची दोन दप्तरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथून जवळच कुंडल रोड स्टेशनाशेजारी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जमिनीवर कारखाना उभारला, तीही हीच संस्थानी भूमी. १९४३ नंतर तर इथे प्रतिसरकारचा अंमल होता, जी. डी. बापू लाड याच गावचे. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. मग एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले. एवढे धनी बदलले, पण बांध तेच राहिले. दोन गावांचे नकाशे संगणकावर शेजारी ठेवले, की अशा शिवेवर कुठे फट दिसते, तर कुठे एक गाव दुसऱ्यावर चढलेले दिसते. फट दिसली की सॉफ्टवेअर ती मिटवायला तयार असते. एक कळ दाबायची! पण फट मिटते म्हणजे कुणाची तरी जमीन वाढते आणि कुणाची तरी घटते, हे कळ दाबणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

क्षेत्रफळातही अशा खोड्या आहेत. उपग्रह-मोजणीतल्या नेहमीच्या चौकटीवर गोल पृथ्वी सपाट करताना अंतरे किंचित आखडून घेतलेली असतात. त्या चौकटीवर कुंडलजवळचा एकर मोजला तर तीस-पस्तीस चौरस फूट कमी भरतो. एक बाज टाकून शेजारी बसण्याइतकी जागा! सॉफ्टवेअरला खरे क्षेत्र काढायला सांगितले तर ते काढते. सांगणाऱ्याला माहीत हवे. गुंठा आणि आर एकच समजणारे तर घरोघरी आहेत. गुंठा आरापेक्षा शेकडा एकाहून थोडा अधिक मोठा असतो. आणि भारताचा भूभागच दर वर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे, म्हणून वीस वर्षांपूर्वीचे जागतिक आकडे आज मीटरभर मागे राहिले आहेत. अर्थात बांध दोघांचाही एकदमच सरकतो. तेवढ्यावरून कोर्टात जाऊ नये.

मी नव्या तंत्राच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये. साखळी ओढणाऱ्या दोन माणसांना रोजगार आणि चहा देऊन मोजणी आपल्याकडे वळवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आता भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कायमस्वरूपी केंद्रांकडून त्याला दुरुस्ती मिळते आणि बोटभर अचूकतेने जागा कळते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जाऊन लोकांच्या हाती मिळकत पत्रिका पडू लागल्या. हे चांगलेच आहे. पण बोटभर अचूक यंत्राने तेरा फूट जाडीची रेघ शोधायची, ही यातली खरी अडचण आहे. यंत्राची अचूकता नकाशाला चिकटत नाही. आणि एकदा दशांश चिन्हानंतर तीन आकडे छापले, की तहसील कचेरीपासून कोर्टापर्यंत कुणाची छाती होत नाही त्यावर शंका घ्यायची.

आमच्या एका शाखेत दोन सख्खे भाऊ आले होते. धाकट्याने विहिरीवर कर्ज काढलेले, आणि नव्या मोजणीत विहीर थोरल्याच्या गटात निघालेली. थोरला म्हणाला, "साहेब, हीर त्येचीच हाय, म्या सांगतो की. आमच्या आण्णांनी पाडली तवा म्या पाटी उचलत हुतो." मी म्हटले, "दादा, तुम्ही सांगता ते खरे, पण कागद वेगळे सांगतो." त्यावर तो म्हणाला, "मग कागदाला सांगा." ते दोघे सज्जन होते म्हणून निभावले. त्यांची मुले तशीच वागतील याची हमी मी बँकर म्हणून दिली नसती.

कागदाला सांगता येते. मोजणीनंतर आपल्याला जी 'क' प्रत मिळते, तिच्या कोपऱ्यात चार ओळींना जागा आहे. ही मोजणी कोणत्या पद्धतीच्या आकड्यांत आहे. जुना नकाशा बसवताना कोणते दगड आधाराला घेतले. प्रत्येक दगडापाशी किती फूट फरक उरला. आणि शेजारच्या गावाच्या शिवेशी फट राहिली असेल तर ती किती. हे आकडे सॉफ्टवेअरने आधीच काढलेले असतात. छापायचे तेवढे. फरक दहा फुटांचा असला तर दहा लिहावा. त्यामुळे भांडण वाढेल असे अधिकारी म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. सस्पेन्स खात्यातला आकडा कधीतरी सापडतो. वाटून टाकलेला कधीच सापडत नाही.

तोवर, ज्यांच्याकडे मोजणीची तारीख लागली असेल त्यांनी आदल्या दिवशीच शिवारात जाऊन तिठ्याचा दगड उकरून ठेवावा. तो बहुधा घाणेरीच्या जाळीत असतो, किंवा गाळाखाली वीतभर. शेजाऱ्यालाही सोबत न्यावे, आणि भूकरमापक आला की दोघांनी मिळून दगड दाखवावा. मग त्याला पडद्यावरचा फरकाचा तक्ता दाखवायला सांगावे. आणि घरात जुने टिपण असेल तर ते सात-बाराच्या उताऱ्याबरोबर पिशवीत घालायला विसरू नये.