अभावातून उमगलेली श्रद्धा

‘आधी आपले पुरेसे होऊ द्यावे, मग दुसऱ्यासाठी काही करावे,’ असे बहुतेकांना वाटते. या विचारात व्यवहार आहे. परंतु ‘पुरेसे’ नेमके केव्हा होते, हे कोणालाच सांगता येत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला शिकवते.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले, जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे कोटणीस त्यांपैकी एक होते. काही काळ सेवा करून परतावे, एवढीच या मोहिमेची अपेक्षा होती.

उत्तर चीनमधील आघाडीवर अभाव पावलोपावली भेटत होता. शत्रूच्या नाकेबंदीमुळे औषधे दुर्मीळ झाली होती. शेतकऱ्यांच्या घरांतच रुग्णालये थाटावी लागत आणि शत्रू जवळ आला की जखमींसह स्थलांतर करावे लागे. अशा परिस्थितीत १९४० मधील एका लढाईच्या वेळी कोटणिसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. मोहिमेच्या काळातच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. तरीही जखमींना सोडून ते परतले नाहीत.

त्यांच्याकडे आणखी एका गोष्टीचा अभाव होता, तो म्हणजे भाषेचा. रुग्णाचे दुखणे त्याच्याच तोंडून समजावे, म्हणून या पदवीधर डॉक्टरांनी चिनी भाषेची मुळाक्षरे नव्याने गिरवली. पुढे त्याच भाषेतून ते विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. मोठ्या वयात पाटी हाती घेण्यात कमीपणा नसतो, हे यावरून सहज पटावे. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी को चिंग-लान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला.

‘श्रद्धा’ म्हटले की मन देवाकडे वळते. कोटणिसांची श्रद्धा मात्र माणसावर जडली होती. स्वतःजवळ फारसे काही नसलेली खेड्यांतील माणसे जखमींना आसरा देतात, हे ते रोज पाहत होते. १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. त्यांचा राजकीय मार्ग प्रत्येकाला मान्य होईल असे नाही. परंतु ज्या अनुभवातून त्यांना जीवनाचे प्रयोजन गवसले, त्याचे मोल मतभेदाने कमी होत नाही.

तथापि, यावरून अभाव हाच सद्गुण आहे, असे मानणे अन्यायाचे ठरेल. ज्यांच्या नावाने ते रुग्णालय ओळखले जाते, ते कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन मरण पावले. कोटणीसही अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. तेव्हा त्यांचा मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता. पाच डॉक्टरांपैकी तेवढे एकच मायदेशी परतले नाहीत. ही किंमत विसरून केवळ त्यागाचे गोडवे गाणे योग्य नाही. सेवा करणाऱ्याने साधनांची वाट पाहत थांबू नये, हे खरेच. पण त्याच्या हाती साधने देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हेही तितकेच खरे.

अभाव प्रत्येकाला शहाणे करतोच असे नाही. कित्येकांना तो कडवट करतो, कित्येकांना मोडून टाकतो. कोटणिसांच्या बाबतीत तसे झाले नाही. कारण आपल्याजवळ काय नाही यापेक्षा समोरच्या जखमीला काय हवे आहे, याकडे त्यांचे लक्ष होते. हाती होते तेवढ्यानिशी त्यांनी कामाला आरंभ केला. श्रद्धा त्यांना त्या कामातच भेटली.