शेरा कोणाचा?

दादरच्या एका जुन्या ग्रंथालयातील समीक्षाग्रंथ माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधासाठी वापरला. त्यातील एका मताविषयी तिने लिहिले, ‘हे मत आता अमान्य ठरले आहे.’ कोणी अमान्य ठरवले, असे विचारताच तिने पुस्तकच पुढे केले. समासात पेन्सिलीने कोणी लिहिले होते, ‘हे चूक आहे.’ त्याखाली दुसऱ्या कोणी निळ्या शाईत ‘मान्य’ असे लिहिले होते. सही नाही, तारीख नाही, कारण नाही. दोन निनावी वाचकांच्या लहरीतून तिच्या निबंधात एक वाङ्मयीन निर्णय तयार झाला होता.

हा प्रसंग आठवण्याचे कारण वेगळेच आहे. मराठी घेऊन एम.ए. झालेला माझा एक जुना विद्यार्थी लोअर परळला, जिथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत तिथल्या एका इमारतीत, संगणकसेवेच्या कंपनीत रात्रपाळी करतो. कंपनीच्या ताब्यातील प्रत्येक सर्व्हरची, प्रत्येक प्रणालीची एक नोंद असते : ती कुठे आहे, तिची जबाबदारी कोणाकडे, तिच्यावर आणखी काय काय अवलंबून आहे. संगणकाच्या भाषेत याला कॉन्फिगरेशनच्या नोंदी म्हणतात. प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहिण्याची सोय असते. ‘हे यंत्र बंद करण्यापूर्वी लेखाविभागाला विचारावे’ अशा स्वरूपाचे हे शेरे. आजवर ते माणसे लिहीत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाला तसे साधन देण्यात आले आहे. नोंदीचा क्रमांक आणि मजकूर पुरवला की शेरा जागेवर जाऊन बसतो; आणि तो मजकूरही एजंटच रचतो.

यात मुळातच काही वावगे आहे, असे मला वाटत नाही. शेरे लिहिण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. ज्याला यंत्राची खोड ठाऊक असते तो नोकरी सोडून जातो आणि ती माहिती त्याच्याबरोबरच जाते. दुरुस्तीची लांबलचक टिपणे वाचून त्यांचे सार कोणी दोन ओळींत मांडत असेल, तर ते हवेच आहे. माझा आक्षेप लेखनाला नाही, लेखकाच्या लोपाला आहे.

एके सकाळी या विद्यार्थ्याला एका नोंदीखाली स्वतःच्या नावाचा शेरा दिसला : ‘ही प्रणाली आता वापरात नाही.’ त्याने तो लिहिलेला नव्हता. एजंट त्याच्या खात्यातून काम करत होता, म्हणून नाव त्याचे पडले. महिनाभर त्या प्रणालीकडे कोणी फिरकले नाही, यावरून एजंटाने निष्कर्ष काढला होता. वस्तुतः ती तिमाही हिशेबाच्या वेळीच वापरली जात असे. विद्यार्थ्याने शेरा वेळीच खोडून काढला म्हणून निभावले. तो तसाच राहिला असता तर? उद्या दुसरा एजंट तोच शेरा वाचील, ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे मत’ म्हणून प्रमाण मानील आणि प्रणाली बंद करण्याची शिफारस करील. पेन्सिलीखाली निळी शाई उमटेल.

हे भय काल्पनिक नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीत एका गटाने दुसऱ्या गटाला क्रमांकांची चुकीची यादी दिली. त्या यादीवर चाललेल्या आज्ञावलीने ७७५ ग्राहकांची कार्यस्थळे पुसून टाकली. काहींची सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध नव्हता. पण यंत्र नोंदीवर किती आंधळा विश्वास ठेवते, हे त्यातून दिसले. ती नोंदच जर यंत्र लिहू लागले, तर दक्षता वाढायला हवी, कमी व्हायला नको.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना ही व्यथा नवी नाही. आपण तिला प्रक्षेप म्हणतो. समासातील टीप पुढच्या लेखनिकाच्या हातून संहितेत शिरते आणि दोन-तीन प्रतींनंतर ती मूळ कोणती, हे ओळखणे कठीण होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. एकनाथ भाष्याचे विरोधक नव्हते. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी स्वतःच विस्तृत टीका लिहिली. त्यांचा आग्रह एवढाच की, टीका टीकेच्या जागी असावी आणि ती आपल्या नावाने असावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिथेही संहिता वर आणि पाठभेद खाली, कोणत्या हस्तलिखितात काय आहे याच्या खुणेसह, हीच शिस्त आहे.

ही पंडितांची चैन आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी गावाकडचा सातबारा पाहावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हक्कातील बदल प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकती मागवल्या जातात, आणि वरिष्ठाने प्रमाणित केल्यावरच नमुना ७ वर परिणाम होतो. शेऱ्याचा रकाना पलीकडे, नमुना १२ मध्ये, वेगळा असतो. या व्यवस्थेत दिरंगाई होते, लबाडीही होते. पण लबाडी झाली तर नोंद कोणी घेतली आणि प्रमाणित कोणी केली, हे शोधता येते. एका गुंठ्यासाठी आपण एवढी काळजी घेतो, आणि ज्या यंत्रांवर बँका व रुग्णालये चालतात त्यांच्या नोंदींसाठी एवढीही नको?

म्हणून तीन अपेक्षा. एजंटाचा शेरा एजंटाच्याच नावाने पडावा. तो कशावरून लिहिला, हे त्यातच सांगितलेले असावे. आणि जाणत्या माणसाने प्रमाणित करेपर्यंत त्या शेऱ्याच्या आधारे कोणतीही कृती होऊ नये.

मराठी विभागात आम्हांला वरचेवर विचारले जाते की, या एम.ए.चा उपयोग काय. त्या रात्रपाळीच्या विद्यार्थ्याने ‘आता वापरात नाही’ हे वाक्य वाचून स्वतःला विचारले : हे कोणी पाहिले, आणि ‘आता’ म्हणजे केव्हापासून? संगणकाचे ज्ञान त्याच्या सहकाऱ्यांकडे त्याच्याहून अधिक आहे. हे दोन प्रश्न मात्र तो वर्गातून घेऊन गेला होता.

आणि त्या विद्यार्थिनीने आपले वाक्य बदलले आहे : ‘ग्रंथालयाच्या प्रतीत दोन अनामिक वाचकांनी या मताशी असहमती नोंदवली आहे, कारण दिलेले नाही.’ मूळ विधानाइतके ते भारदस्त नाही, पण खरे आहे.